बोर्डोचें मिश्रण

कृष्णाकांठच्या द्राक्षबागाइतदाराला 'बोर्डो' हा शब्द मुळींच परका नाहीं. तें शहर नकाशावर कोठें आहे हें पाहण्याचा प्रसंग ज्याला कधीं आला नाहीं, असा तासगांवकडील शेतकरीही एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी हें 'बोर्डो मिश्रणा'चें प्रमाण तोंडपाठ म्हणून दाखवील. वेलीवर केवडा पडूं लागला, कीं हें निळसर औषध फवारावयाचें, हें त्याच्या अंगवळणीं पडलेलें आहे. या मिश्रणाची जन्मकथाही मौजेची आहे. १८८२ सालीं बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांच्या असें ध्यानांत आलें कीं, मेदोक प्रांतांत रस्त्याच्या कडेच्या वेली हिरव्यागार उभ्या आहेत, आणि आंतल्या ओळींचीं पानें मात्र रोगानें गळून गेलीं आहेत. वाटसरूंनीं द्राक्षें तोडूं नयेत, म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडून ठेवण्याची तेथें चाल होती. चोरासाठीं केलेला उपाय रोगावर लागू पडला, हें त्यांनीं ओळखलें आणि तीन वर्षें प्रयोग करून १८८५ सालीं तें जगापुढें मांडलें.

परंतु बोर्डोची खरी कीर्ति या मिश्रणावर उभी नाहीं. ती उभी आहे दुसऱ्याच एका मिश्रणावर. तेथील तांबडें द्राक्षमद्य जगांत श्रेष्ठ समजलें जातें, आणि तें एका जातीच्या द्राक्षांचें नसून चार-पांच जातींच्या रसांचा मेळ घालून सिद्ध केलेलें असतें. हा मेळ कोणीं घातला, कां घातला, आणि त्यापासून आपल्या भागांतील माणसांस कांहीं शिकतां येण्यासारखें आहे कीं काय, याचा विचार करण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. मद्यपानाची वकिली करावी हा येथें हेतु नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. ज्या वाचकांच्या घरांत ही वस्तु कधीं आली नाहीं व येऊं नये अशी त्यांची इच्छा आहे, त्यांनींही हा इतिहास निःशंकपणें वाचावा. कारण हा इतिहास वस्तुतः शेतीचा, हवामानाचा आणि मनुष्याच्या दूरदृष्टीचा आहे.

एखाद्या वस्तूची कीर्ति गांवाच्या नांवाशीं जोडली गेली, म्हणजे ती कशानें मिळाली हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. 'तिथलें पाणीच तसें' असें म्हणून लोक मोकळे होतात. ही खोड फार जुनी आहे. कौटिल्यानें द्राक्षरसाच्या मद्यास 'मधु' म्हटलें असून कापिशायन व हारहूरक हीं त्याचीं नांवें उत्पत्तिस्थानांवरून पडलीं, असें सांगितलें आहे. बोर्डोविषयींही सामान्य समजूत अशीच आहे, कीं गारोन आणि दोर्दोन्य या नद्यांच्या संगमापाशीं कांहीं अद्भुत भूमि आहे आणि तिच्यांतून तें मद्य आपोआप उपजतें. भूमीचा वांटा मोठा आहे, यांत शंका नाहीं. परंतु तेथील हवा मात्र वरदानापेक्षां संकटच अधिक आहे. समुद्र जवळ असल्यामुळें पाऊस केव्हां येईल याचा नेम नाहीं. वसंतांत हिमतुषार पडून कोवळे कोंब जळतात, जूनमध्यें पावसानें फुलोरा गळतो, आणि सप्टेंबरांत घड पिकावयाच्या ऐन वेळीं पुन्हां आभाळ भरून येतें. अशा ठिकाणीं एकाच वाणावर सगळा संसार टाकणें म्हणजे एकाच फाशावर सगळें घर लावण्यासारखें होय.

आतां हे वाण कोणते व त्यांचे स्वभाव कसे, तें पाहूं. काबर्ने सोव्हिन्यों हा लहान मण्यांचा व जाड सालीचा. रंग, तुरटपणा आणि वर्षानुवर्षें टिकण्याची शक्ति हे त्याचे गुण. परंतु तो उशिरा पिकतो, आणि एकटा असतां कोवळेपणीं फार कठोर लागतो. मेर्लोचा मणी मोठा, साल पातळ, रस अधिक गोड व मृदु. तो काबर्नेच्या एक-दोन आठवडे आधींच तयार होतो. काबर्ने फ्रां हा सुगंधासाठीं. पति व्हर्दो अगदीं थोडा घालावयाचा. तो सर्वांत शेवटीं पिकतो, पण ज्या वर्षीं पिकतो त्या वर्षीं रंग व एक प्रकारचा झणझणीतपणा देतो. यांशिवाय माल्बेक आणि कार्मेनेर हे दोन जुने वाण आहेत. त्यांचा भाग आतां अल्प उरला आहे. आमच्याकडील सुगरण वर्षाची चटणी करतांना रंगासाठीं ब्याडगी, तिखटपणासाठीं लवंगी आणि चवीसाठीं संकेश्वरी मिरची निवडून घेते. तिला हा हिशेब निराळा समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

जमिनीप्रमाणें हा हिशेब बदलतो. नदीच्या डाव्या तीरावर, मेदोकांत, जमीन वाळूगोट्यांची आहे. ती दिवसा तापते व पाणी धरून ठेवीत नाहीं. म्हणून उशिरा पिकणारा काबर्ने सोव्हिन्यों तेथें साधतो आणि मिश्रणांत त्याचा वांटा मोठा असतो. उजव्या तीरावर सेंतेमिलियों व पोमेरोल येथें चिकणमाती अधिक. ती थंड राहते. म्हणून तेथें मेर्लोचें राज्य. पोमेरोलमधील पेत्र्यूस हें प्रसिद्ध मद्य तर जवळजवळ केवळ मेर्लोचेंच असतें, आणि सेंतेमिलियोंमधील शव्हाल ब्लां येथें काबर्ने फ्रांला मोठा मान आहे. तात्पर्य, 'बोर्डोचें प्रमाण' म्हणून एखादें ठराविक प्रमाण नाहीं. प्रत्येक बागेचें प्रमाण निराळें, आणि त्याच बागेंतही तें दरवर्षीं निराळें.

मेळ घालण्याची रीतिही लक्षांत घेण्यासारखी आहे. सगळीं द्राक्षें एकत्र तुडवून एका टाकींत भरलीं, असें तेथें करीत नाहींत. प्रत्येक वाण, किंबहुना प्रत्येक शेताचा तुकडा, आपापल्या दिवशीं तोडला जातो व निरनिराळा आंबवला जातो. पुढें हिवाळ्यांत जाणत्या मंडळीपुढें सर्व टाक्यांतील नमुने मांडतात, आणि कोणाचा किती भाग घ्यावयाचा हें चाखून ठरवितात. ज्या टाकीचा रस कमी प्रतीचा ठरला, ती मुख्य मद्यांत घालीत नाहींत; तिचें दुय्यम नांवाचें मद्य होतें. शातो लातूर, शातो मार्गो यांसारख्या थोर घराण्यांचींही अशीं दुय्यम मद्यें आहेत. आपल्याकडे थालिपिठाची भाजणी करतांना ज्वारी, बाजरी, हरभरा, उडीद, धने हीं सर्व एकाच कढईंत ओतून भाजीत नाहींत. प्रत्येकाला आपापली आंच लागते. धने आणि ज्वारी एकत्र भाजलीं, तर एक करपेल व दुसरें कच्चें राहील. निरनिराळें भाजावें आणि मग एकत्र दळावें, हाच न्याय तेथेंही आहे.

ही विद्या बोर्डोला प्रथमपासून अवगत होती, असें मात्र नव्हे. ११५२ सालीं आकितेन प्रांताची स्वामिनी एलेनोर हिचा हेन्री प्लँटाजेनेट याच्याशीं विवाह झाला. दोन वर्षांनीं तो इंग्लंडचा राजा झाला, आणि बोर्डो बंदर इंग्रजी सत्तेखालीं आलें. १४५३ च्या कास्तियोंच्या लढाईपर्यंत, म्हणजे सुमारें तीनशें वर्षें, हा संबंध टिकला. त्या काळीं जहाजें भरभरून इंग्लंडांत जाणारें मद्य फिकट रंगाचें, वर्षाच्या आंत पिऊन संपवावयाचें असे. त्याच्या फिकटपणावरूनच त्याला 'क्लॅरेट' हें नांव पडलें. त्यांत तांबडीं-पांढरीं द्राक्षें सरमिसळ पडत. मिश्रण होतें, परंतु तें योजून केलेलें नव्हतें.

पुढें सतराव्या शतकांत डच लोकांनीं मेदोकमधील दलदली आटवून जमीन मोकळी केली. त्याच सुमारास पाँताक नांवाच्या घराण्यानें ओ-ब्रियों या आपल्या बागेचें मद्य बागेच्याच नांवानें विकण्यास आरंभ केला. लंडनचा प्रसिद्ध दैनंदिनीकार सॅम्युएल पेपिस यानें १६६३ च्या एप्रिलमध्यें हें मद्य चाखून त्याच्या विशेष चवीची नोंद केली आहे, आणि तत्त्वज्ञ जॉन लॉक हा १६७७ सालीं ती बाग पाहावयास गेला होता. मद्याला नांव मिळालें, तेव्हां त्याचा कस दरवर्षीं राखण्याची जबाबदारी आली. फुकट गेलेलें वर्ष नांवाला बट्टा लावतें. म्हणून कोणता वाण कोठें लावावा व कोणता रस कशांत घालावा, याचा विचार सुरू झाला.

याच इतिहासाला एक काळी बाजूही आहे. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला गडद व जहाल मद्य आवडे. तें पुरविण्यासाठीं बोर्डोचे व्यापारी आपल्या मद्यांत रोन नदीकांठचें हर्मिटाज किंवा स्पेनमधील दाट मद्य बेलाशक मिसळीत. हेंही मिश्रणच होतें. मग त्यांत आणि आज नांवाजल्या जाणाऱ्या मिश्रणांत भेद कोणता? भेद असा, कीं एकांत उणीव झांकण्यासाठीं बाहेरचें आणून घातलें जातें, आणि दुसऱ्यांत एकाच भूमींतील निरनिराळ्या गुणांना परस्परांचा आधार दिला जातो. एकाला भेसळ म्हणावें, दुसऱ्याला मेळ. दोहोंची कृति सारखी दिसते. हेतु मात्र भिन्न असतो.

संकटांनीं या मेळाला वेळोवेळीं निराळें वळण दिलें आहे. १८५० नंतर भुरी रोग आला. त्यामागून फायलोक्सेरा नांवाची मुळें खाणारी कीड अमेरिकेंतून येऊन तिनें फ्रान्समधील द्राक्षबागांचा विध्वंस केला. अखेर अमेरिकन वेलींच्या खुंटांवर फ्रेंच वेलींचीं कलमें बांधावीं, तेव्हां बागा वांचल्या. परंतु नव्यानें लागवड करतांना जे वाण लहरी ठरले, ते मागें पडले. कार्मेनेर हा त्यांतीलच. तो बोर्डोंतून जवळजवळ नाहींसा झाला. आणि १९९४ सालीं चिलींत मेर्लो समजून लावलेल्या वेलींत तो सांपडला! १९५६ च्या फेब्रुवारींतील भयंकर थंडीनें असंख्य वेली मेल्या आणि माल्बेकचा वांटा तेथून फार घटला. १९९१ च्या वसंतांतील हिमतुषारानें मेर्लोचें अतोनात नुकसान केलें. कारण त्याचे कोंब लवकर फुटतात. काबर्ने सोव्हिन्यों उशिरा फुटतो म्हणून वसंताच्या तडाख्यांतून बराच वांचतो, पण सप्टेंबरच्या पावसांत तोच सांपडतो. म्हणजे एकाचा काळ तो दुसऱ्याचा तारक. चवीचें शास्त्र मागाहून आलें. आधीं होता तो विमा.

१८५५ सालीं पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठीं बोर्डोच्या दलालांनीं बाजारभावांवरून मेदोकच्या मद्यांची प्रतवारी लावली. पहिल्या प्रतींत लाफीत, लातूर, मार्गो आणि मेदोकबाहेरचें ओ-ब्रियों अशीं चार घराणीं बसलीं. १९७३ सालीं मूताँ हें पांचवें त्यांत गेलें. या यादींत मान दिला आहे तो घराण्यांना; वाणांना नव्हे. याउलट त्याच देशांतील बर्गंडी प्रांतांत तांबडें मद्य केवळ पिनो न्वार या एकाच वाणाचें होतें, आणि तेंही जगांत श्रेष्ठ गणलें जातें. तेव्हां मिश्रणावांचून थोरवी नाहीं, असा सिद्धांत कोणी काढील तर तो टिकणार नाहीं. बर्गंडीनें एकाच वाणांत शेताशेताचा भेद दाखविला, आणि वाईट वर्षांची झळ त्या एकाच वाणावर सोसली. बोर्डोनें निराळी वाट धरली, एवढेंच.

या कथेंत एक चमत्कारिक भर अलीकडे पडली आहे. १९९७ सालीं कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथील संशोधकांनीं आनुवंशिक परीक्षेनें दाखवून दिलें कीं, काबर्ने सोव्हिन्यों हा स्वतःच एक संकर आहे. तांबडा काबर्ने फ्रां आणि पांढरा सोव्हिन्यों ब्लां हे त्याचे मातापितर. मेर्लोचाही एक जनक काबर्ने फ्रांच आहे, हें पुढें ठरलें. म्हणजे बाटलींत ज्यांचा मेळ घातला जातो, ते वस्तुतः एकाच कुळांतील भावंडें. पण प्रत्येकाला दुसऱ्या बाजूचें निराळें रक्त मिळालेलें. आणि हा मेळ आजही थांबलेला नाहीं. उन्हाळे कडक होऊं लागल्यामुळें मेर्लो फार लवकर पिकून त्याचें मद्य अधिक जहाल होतें, अशी तेथें चिंता आहे. म्हणून २०२१ सालीं मार्सेलां, तूरिगा नासिओनाल इत्यादि चार नव्या तांबड्या वाणांस बोर्डोच्या साध्या प्रतींत परवानगी मिळाली. अर्थात् लागवडींत शेंकडा ५ आणि मिश्रणांत शेंकडा १० या मर्यादेंतच. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या लोकांनीं परंपरा राखण्यासाठींच तिच्यांत बदल केला, हें विसरूं नये.

आतां आपल्याकडे वळूं. राजर्षि शाहू छत्रपतींनीं आपल्या जनक पित्याच्या नांवानें वसविलेलें जयसिंगपूर हें तंबाखूच्या पेठेसाठीं प्रसिद्धीस आलें; परंतु येथून नदीच्या अंगानें वर गेलें, कीं पलूस-तासगांवचा द्राक्षांचा मुलूख लागतो. तेथील मुख्य धन म्हणजे थॉम्सन सीडलेस आणि त्याचीं रूपांतरें. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन हीं नांवें निरनिराळीं. पण हे सर्व थॉम्सनच्याच काडीवर निसर्गतः फुटलेल्या वेगळ्या डोळ्यांतून निवडलेले. बोर्डोचे वाण भावंडें आहेत; हे तर एकाच देहाचे अवयव. आमच्या शेतकऱ्याच्या सूक्ष्म दृष्टीला हें भूषणच होय, कीं हजारों काड्यांतून वेगळी काडी त्यानें ओळखली व वाढविली. या द्राक्षांनीं आणि त्यांच्या बेदाण्यांनीं अवर्षणाच्या मुलुखांत शाळा, दवाखाने, माड्या उभ्या केल्या, हेंही खरें. परंतु एकाच देहाच्या अवयवांना आजारही एकच जडतो. २००९ च्या नोव्हेंबरांत 'फयान' वादळाचा अवेळीं पाऊस आला, तेव्हां फुलोऱ्यांतील बागांची दैना झाली. आणि त्या वेळीं बागेला सोनाका म्हणतां कीं गणेश म्हणतां, याला कांहीं अर्थ उरला नाहीं.

मद्याच्या द्राक्षांचा प्रयत्नही आपल्याकडे झालेला आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर या राज्यांत तो व्यवसाय वाढण्यास अवकाश थोडाच होता. १९८० नंतरच्या दशकांत नारायणगांव येथें फेसाळ मद्य होऊं लागलें. पुढें नाशिकास बागा लागल्या. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर करून नाशिक जिल्ह्यांत विंचूर आणि सांगली जिल्ह्यांत पलूस येथें खास वसाहती योजिल्या. पलूसकडे त्या वेळीं मोठ्या आशेनें पाहिलें गेलें. परंतु २००८ नंतरच्या मंदींत मागणी घसरली, आणि महाराष्ट्रांत कित्येकांनीं मोठ्या खर्चानें लावलेल्या वेली उपटून पुन्हां खाण्याचीं द्राक्षें धरलीं. मद्याचा बारीक, बियाळ मणी बाजारांत कोणी खाण्यासाठीं घेत नाहीं. कारखानदारानें पाठ फिरविली, म्हणजे त्या पिकाला दुसरा धनी नाहीं.

तरीही कांहीं ठिकाणीं मेळाची विद्या रुजली आहे. सोलापूर जिल्ह्यांत अकलूजजवळ इटालियन व भारतीय कुटुंबांनीं मिळून काढलेल्या कारखान्याचें 'सेट्टे' हें मद्य इटलीचा सांजोव्हेजे आणि बोर्डोचा काबर्ने सोव्हिन्यों यांच्या मेळाचें आहे. 'सेट्टे' म्हणजे सात. संस्थापक सात, म्हणून हें नांव. बंगळूरजवळ नंदी टेकड्यांच्या पायथ्याशीं बोर्डोचे मिशेल रोलां यांच्या सल्ल्यानें जें मद्य सिद्ध झालें, त्यांत काबर्नेला जोड दिली आहे ती मेर्लोची नव्हे; शिराझची. याचें कारण आपल्या हवेंत आहे. बोर्डोला वर्षांतून एकच छाटणी. आपल्याकडे एप्रिलांत खरड छाटणी व पावसाळा सरतांना फळछाटणी अशा दोन, आणि पीक येतें तें फेब्रुवारी-मार्चच्या तापत्या उन्हांत. तेथें भीति असते द्राक्ष पिकेल कीं नाहीं याची. येथें भीति असते तें अति वेगानें पिकून त्यांतील आंबटपणा उडून जाईल याची. संकट निराळें, म्हणून मेळही निराळा असावयास पाहिजे.

हाच या इतिहासाचा धडा आहे, असें आम्हांस वाटतें. बोर्डोचें प्रमाण उचलून आणावें आणि तेंच येथें ओतावें, ही नक्कल होईल. अशा नकलेला त्या अठराव्या शतकांतील भेसळीहून फार मोठी किंमत नाहीं. उचलावयाचें असेल तर त्यामागील कारण उचलावें. आपल्या आभाळाकडून कोणतीं संकटें येतात, तीं कोणत्या महिन्यांत येतात, आणि त्यांतील प्रत्येकाला तोंड देणारा निरनिराळा वाण आपल्याजवळ आहे काय, हे प्रश्न मद्य करणाऱ्यानें जितके विचारावयाचे, तितकेच बेदाणा करणाऱ्यानेंही. येथें एक अडचण प्रांजळपणें मांडली पाहिजे. खाण्याच्या द्राक्षाला बाजार एकसारखा मणी मागतो. बेदाण्यालाही एकच रंग, एकच आकार लागतो. मिश्रणाची सोय बाटलींत असते, पेटींत नसते. तेव्हां चार वाण लावा, असा उपदेश शेतकऱ्याला करणें सोपें, आणि त्या चारांना गिऱ्हाईक मिळवून देणें कठीण. बोर्डोच्या बागवाल्यालाही वाण निवडण्याची मोकळीक मिळाली, ती त्याच्या नांवाला बाजारांत पत आली तेव्हांच. पत आधीं आणि प्रयोग मागाहून, असा तो क्रम होता.

म्हणून हें काम एकट्या शेतकऱ्यावर टाकून चालणार नाहीं. पुण्याजवळ मांजरी येथें द्राक्षांचें राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, बागाइतदारांचा संघ आहे, तासगांव-सांगलीला बेदाण्याचे सौदे आहेत. या सर्वांनीं मिळून नव्या वाणाचा पहिल्या कांहीं वर्षांचा धोका वांटून घेतला, तरच एखादा बागवाला आपल्या चार एकरांपैकीं अर्धा एकर निराळ्या वेलीला देण्याचें धाडस करील. केवडा आला तर मोरचूद-चुन्याचें बोर्डो मिश्रण फवारतां येतें. अवेळीं पाऊस आला तर त्यावर फवारण्याचें औषध कोणत्याही दुकानांत नाहीं. त्याची तजवीज लागवडीच्या दिवशींच करून ठेवावी लागते.